प्लॉट नंबर एकमधला कार्बन

१७ जून १९७४, कारंजा. सकाळी ६.१०
आजपासून रोज पाचला उठणे. आज सहाला उठलो, पण आज पहिला दिवस.

नेमणुकीचं पत्र आलं. रिसर्च असिस्टंट (तात्पुरता). 'तात्पुरता' हा शब्द ऑफिसने कंसात टाकला आहे, म्हणजे त्यांनाही तो फारसा महत्त्वाचा वाटत नसावा.

योजना अशी. अरबांनी तेल महाग केलं, तेव्हा देशाने आपलं तेल शेतात पिकवायचं. मोगली एरंडाच्या बियांचं तेल गाळून त्यावर इंजिन चालवायचं. इंजिनाची डोकेदुखी दुसऱ्यांकडे. त्या पिकाखाली मातीचं काय होतं, ते मी बघायचं. मुदत दोन वर्षं. जागा कामरगाव, इथून एस.टी.ने जाऊन-येऊन.

बापूजींशी करार केला. दोन वर्षांत माझं नाव संशोधनाच्या पेपरात छापून आलं आणि नोकरी पक्की झाली तर ठीक. नाहीतर आपल्या आडत दुकानाच्या गादीवर बसायचं, कापूस आणि तूर बघायची. बापूजी म्हणाले, माती बघायला बी.एस्सी. कशाला लागते, चिमूटभर जिभेवर ठेव. मी नुसता हसलो. विज्ञानाला घरातूनच विरोध असतो.

३ जुलै
लागवड. प्लॉट नंबर एक: मोगली एरंड. प्लॉट नंबर दोन, म्हणजे कंट्रोल: कपाशी. दोन्ही अर्ध्या अर्ध्या एकराचे. जमीन देवमनची. योजनेने ती दोन वर्षांसाठी घेतली आणि त्यालाच राखणदार ठेवलं. सातवी पास आहे, अक्षर सुंदर. त्याने जयभीम घातला, मी जय जिनेंद्र केलं. माणूस विश्वासू दिसतो. माणसं ओळखण्यात मी सहसा चुकत नाही.

रोपं लावणाऱ्या बाया सारख्या हसत होत्या. कारण विचारलं तर देवमनची बायको भागिरथा म्हणाली, बाप्पा, कुंपनाचं झाड वावरात लावून राह्यले अन् वावराले कुंपनच नाई! अडाणीपणा. तरीपण तारेच्या कुंपणासाठी अकोल्याला अर्ज टाकला.

११ जुलै
सुरुवातीचे नमुने घेतले. इंग्रजी व्हीसारखे खड्डे, पंधरा सेंटिमीटर खोल, शेतभर नागमोडी चालत. सगळी माती गोणपाटावर ओतायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन फेकायचे. पुन्हा चार भाग. शेवटी अर्धा किलो उरते. देवमनने एकदाच बघितलं आणि माझ्याहून सफाईने करू लागला. शिकवणारा चांगला असला की असं होतं.

माती वाळवायला घरच्या गच्चीवर पेपर पसरले. आईने विचारलं, किती गांडुळं मेली. एकही नाही, म्हटलं. दोन मेली होती. संध्याकाळी प्रायश्चित्त म्हणून सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, एकदा जास्त बसलो.

३० जुलै, अकोला लॅब
ऑर्गॅनिक कार्बन, म्हणजे मातीचा कस: प्लॉट एक ०.४१ टक्के, प्लॉट दोन ०.४१ टक्के. दोन्ही सारखे. याहून सुंदर सुरुवात संशोधनाला मिळत नाही. योजनेचे प्रमुख डॉ. उदयसिंग यांनी पाठ थोपटली. म्हणाले, चंपालाल, ये अपना पेपर होगा. 'अपना' या शब्दाखाली मी दोन रेघा मारून ठेवतो आहे.

२६ ऑगस्ट
वीस दिवस पाऊस नाही. मोगली एरंड पिवळा पडला. कुंपणाच्या अर्जाला उत्तर नाही.

देवमनशी मन मोकळं केलं. म्हटलं, बाबा रे, या पिकाखाली माती सुधारली तरच माझी नोकरी पक्की. नाहीतर जन्मभर गादीवर बसून तूर निवडायची. हे वावर तू स्वतःचं समजून सांभाळ. तो म्हणाला, साहेब, माहंच व्हय ते. विनोद बाजूला ठेवून मी डोळ्यांत पाणी आणलं. तो गंभीर झाला. माती सुधारली का तुमची नोकरी पक्की, व्हय ना, असं त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं.

अशी माणसं मिळणं भाग्याचं असतं.

५ नोव्हेंबर
देवमनच्या अंगी संशोधक वृत्ती आहे! आज त्याने आपणहून विचारलं, साहेब, ह्या झाडाले मेंढरं तोंड लावत असतीन काय. मी दहा मिनिटं समजावलं. पान कडू, बी विषारी, कोणतंच जनावर हुंगतसुद्धा नाही, म्हणून तर कुंपणाला लावतात. आणि कपाशीले? कपाशीचा फडशा पाडतील, म्हटलं. तो मान हलवत गेला. असे प्रश्न आमच्या कॉलेजात कोणी विचारले नाहीत.

नवा नियम केला. प्लॉटवर रोज जे घडेल ते त्याने रजिस्टरमध्ये लिहायचं, महिन्याला मी प्रत्येक पानावर सही करायची. मोठ्या संस्थांत असंच असतं.

२ डिसेंबर. संध्याकाळी ५.३५
रजिस्टरवर सह्या केल्या. वाचायला वेळ नव्हता. सव्वाचारची गाडी चुकली तर घरी पोचेस्तोवर दिवस मावळतो आणि दिवस मावळला की आमच्या जैन घरी पान वाढलं जात नाही. मोठ्या शहरातले संशोधक म्हणे रात्री-अपरात्री शेतात जातात. त्यांच्या आया तसल्या असतील.

रात्री प्लॉटवर देवमन असतोच. एक विश्वासू माणूस दहा यंत्रांच्या बरोबर आहे.

१४ जानेवारी १९७५
शोध! प्लॉट एकच्या मातीत वाटाण्याएवढे गोल, काळे, गुळगुळीत खडे. शेकड्यांनी. प्लॉट दोनमध्ये एकही नाही. पुस्तक उघडलं. लोह-मँगनीजच्या गाठी काळ्या मातीत आढळतात. पण इतक्या लवकर, एका पिकाखाली? अंगावर काटा आला.

फक्त एक कोडं. बोटाने दाबल्या की चुरा होतो. आत गवतासारख्या काड्या दिसतात. त्यामुळे गाठीचा हा नवा प्रकार असावा. तूर्त यांना 'कामरगाव गाठी' म्हणू. माझं नाव देणं बरं दिसणार नाही. ते पुढे दुसरं कोणी देईलच.

देवमनला दाखवल्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, साहेब, तुमी लय शिकेल आहा. मनापासून म्हणाला. लाजायला झालं.

१५ जानेवारी
गच्चीवरचे नमुने आईने खाली फेकायला लावले. म्हणे, वास येतो. मातीला वास असतोच. आईच्या नाकात बाजारातल्या सुगंधी उदबत्त्या बसल्या आहेत.

संकल्प: घरच्यांशी विज्ञानावर बोलायचं नाही.

३१ मे, अकोला लॅब. दुपार
कार्बन मोजायला ब्युरेटमधून द्रावण थेंब थेंब सोडत होतो. जांभळा रंग गेला, हिरवा आला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

प्लॉट एक: ०.६९.
प्लॉट दोन: ०.४०.

एका वर्षात! काळ्या मातीने आजवर कोणावर असा जीव टाकलेला नाही. उदयसिंग साहेब खुर्चीतून उठले, मला बसवलं. असिस्टंटला बसवलं! चहा मागवला. म्हणाले, चंपालाल, दिल्ली तक जाएगी ये बात. मी आरशासमोर इंग्रजीत भाषणाची प्रॅक्टिस सुरू करणार. एक टायही लागेल.

३ जून
देवमनला आकडे सांगितले. इतका खूश झाला, की भागिरथाला हाक मारून म्हणाला, साहेबाची माती सुधारली वं! तिने गूळ-पाणी आणलं. म्हणाली, आता नोकरी पक्की ना? म्हटलं, झालीच समज. देवमन म्हणाला, यंदा अजून जास्ती बसवतो. मला वाटलं रोपं बसवतो म्हणतोय. म्हटलं, नको, योजनेत आहेत तितकीच ठेव. तो गोंधळला. मग आम्ही दोघं गूळ खाण्यात रमलो.

१२ नोव्हेंबर
पाचला उठण्याचा संकल्प पुन्हा चालू. कुंपणाच्या अर्जाचं स्मरणपत्र चौथं. टाय घेतला, मरून रंगाचा. बापूजींनी विचारलं, गुराले बांधायचं काय हे.  दिल्लीच्या आधी माणसाने घरात शांत राहावं.

९ जानेवारी १९७६
मुद्दाम मध्येच नमुने तपासले. प्लॉट एक: ०.८८. आकडे सायकलवरून थेट दिल्लीला नेता आले असते तर नेले असते, इतका आनंद. उदयसिंग साहेब परवा दिल्लीला सेमिनारला चालले आहेत. एकटेच. म्हणाले, भत्त्याला मंजुरी एकाचीच आली, पण तुम्हारा नाम मेरे नाम के आगे रहेगा. पुढे! मी म्हटलं, पुढे कशाला, मागे चालेल. माणसाने नम्र असावं.

टाय घडी करून ठेवला. उन्हाळ्यात वापरू.

१९ फेब्रुवारी. दुपारी १.२०
छापील पेपर आला.

नाव एकच आहे. डॉ. उदयसिंग.

माझं नाव कुठे? पुढे बघितलं, मागे बघितलं, तक्त्याखालीही बघितलं. शेवटच्या ओळीत 'फील्ड स्टाफ'चे आभार. फील्ड स्टाफ! मी बी.एस्सी. अॅग्री. भागिरथा, खुरपणारी मोतीबाई आणि मी, सगळे एका ओळीत. कामरगाव गाठींवर दोन पानं आहेत. तीही त्यांची.

विश्वासघात. दुसरा शब्द नाही. ज्या माणसाने मला खुर्चीत बसवलं त्यानेच खालून खुर्ची ओढली. जेवलो नाही. आईने विचारलं, उपवास आहे का. हो म्हटलं. हा उपवास उदयसिंगांच्या नावाने.

१९ फेब्रुवारी. दुपारी ४
थोडंसं जेवलो. अशक्तपणात लढता येत नाही.

२३ फेब्रुवारी
लढणार. अकोल्याच्या मोठ्या साहेबांना रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज टाकला. मसुदा सात वेळा केला. मुख्य वाक्य असं: 'सदर संशोधन सर्वस्वी माझे असून पुरावा म्हणून प्लॉटचे रजिस्टर जप्त करून पान न् पान वाचावे, प्रत्येक पानावर माझीच सही आढळेल.'

 उदयसिंगांची एक तरी सही दाखवा त्यात! आता बघतोच.

४ मार्च
उत्तर आलं. समिती स्वतः येणार, तिघांची. प्लॉट बघणार, रजिस्टर वाचणार, योजना वाढवायची की बंद करायची ते तिथेच ठरवणार. उदयसिंगही येतील. येऊ देत.

देवमनला सांगितलं, रजिस्टर तयार ठेव, सगळं खरं खरं सांगायचं, काही लपवायचं नाही. तो म्हणाला, साहेब, मी काहून लपवू? हाच माणूस माझा खरा. उदयसिंगांना पीएच.डी. आहे, पण देवमनला इमान आहे.

९ मार्च. रात्री ११.४०
लिहिवत नाही. पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

समितीची जीप दोनला येणार होती. पंक्चर झाली, आली सव्वापाचला. माझी सव्वाचारची गाडी गेली होती. डबा मी दुपारीच खाल्ला होता. म्हटलं, आजच्या दिवसासाठी एक रात्र उपाशी. मी टाय घातला होता.

साहेब लोक प्लॉटवर फिरले. मी बोललो, इंग्रजीत, आरशासमोर पाठ केलेलं. छान बोललो. समितीतल्या म्हाताऱ्या साहेबांनी खाली वाकून एक कामरगाव गाठ उचलली. बोटात चुरगाळली. हुंगली. मग माझ्याकडे बघितलं, उदयसिंगांकडे बघितलं आणि म्हणाले, रजिस्टर आणा.

देवमनने आणलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. शब्द न् शब्द आठवतो:

'१९ नोव्हेंबर. प्लॉट नं. १. ग्यानबाची मेंढरं १४०. रातभर बसली. झाडाले तोंड नाही लावलं.' खाली माझी सही.
'२० नोव्हेंबर. मेंढरं १४०. रातभर बसली.' माझी सही.
'२१ नोव्हेंबर. मेंढरं १३८. दोन बिमार.' माझी सही.

दिवाळीपासून होळीपर्यंत. दोन्ही वर्षं. पान न् पान.

मी म्हटलं, हे खोटं आहे. तेवढ्यात ओढ्याकडून आवाज आला. दिवस मावळत होता. ग्यानबा धनगर काठी टेकत पुढे आणि त्याच्या मागे सगळी मेंढरं, रोजच्यासारखी, सरळ प्लॉट नंबर एकमध्ये. एक मेंढी त्या म्हाताऱ्या साहेबांच्या बुटापाशी बसली आणि तिथेच तिने, आता काय लिहू, दहा-बारा कामरगाव गाठी घातल्या.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उदयसिंगांनी रुमालाने तोंड पुसलं.

मी देवमनला विचारलं, का रे? हे काय केलंस? तो चक्रावून बघत होता. म्हणाला, साहेब, तुमीच तं म्हने माती सुधारली पाह्यजे. दिवाळीनंतर समद्यायच्या वावरात कपाशी उभी राह्यते, मेंढरं बसवाले जागा कोठी? ह्या झाडाले ते तोंड लावत नाई, हे बी तुमीच सांगतलं. मंग ग्यानबाले घरची जवारी देल्ली अन् बसोले. आपल्याइकडे माती अशीच तं सुधारते. त्याले काय इद्यापीठ लागते?

घरची ज्वारी. मागून भागिरथा म्हणाली, दोन वर्स आमी अर्ध्या पोटानं जेवलो, साहेब, तुमच्या नोकरीपायी. मला ते तेव्हा ऐकूच आलं नाही. मी देवमनला सगळ्यांसमोर दगाबाज म्हणालो.

जीपने कारंज्याला सोडलं. आईने पान झाकून ठेवलं होतं. रात्र झालेली. पाणीसुद्धा मागितलं नाही.

१० मार्च
आज यादी केली. मला कोणी कोणी दगा दिला. उदयसिंग. देवमन. ग्यानबा. कुंपणाच्या अर्जावर बसलेला कारकून. पंक्चर झालेलं टायर. सव्वाचारची गाडी. एकशे चाळीस मेंढरं, यांतली दोन आजारी होती ती वगळून.

यादीत नाव घालायचं राहिलं असं कोणी आहे का, असा विचार करत बसलो. कोणी आठवलं नाही.

२ एप्रिल
योजना बंद. पाडवा झाला. गादीवर बसलो. गादी मऊ आहे, एवढंच. बापूजी करार जिंकले, तरी हसले नाहीत. जेवताना त्यांनी दुसरी पोळी न मागता वाढली.

बापूजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मेंढरं? अरे, मागच्या वर्षी गच्चीवरची ती माती तुझी आई फेकायला लावत होती, तेव्हा मी चिमूटभर उचलली होती. तेव्हाच कळलं होतं. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, तूच म्हणालास, घरच्यांशी विज्ञानावर बोलायचं नाही. मी हे म्हणालो नव्हतो, फक्त लिहिलं होतं. यांनी माझी रोजनिशी वाचली. यादीत एक नाव वाढवलं.

२२ सप्टेंबर. दुपारी ३
माझं नाव छापून आलं.

अकोल्याहून छापील कागद आला, एक पान. इंग्रजीत, शुद्धिपत्र. दिल्लीच्या पेपरातले आकडे ग्राह्य धरू नयेत. नमुने गोळा करणे, नोंदी तपासणे व निष्कर्ष काढणे हे काम सर्वस्वी, आणि पुढे ठळक अक्षरांत, चंपालाल खेमचंद, बी.एस्सी. (अॅग्री.) यांनी एकट्याने केले होते. डॉ. उदयसिंग यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला होता. खाली उदयसिंगांची सही.

माझ्या अर्जातलंच वाक्य. 'सर्वस्वी माझे.' फक्त भाषा बदलली.

बापूजींना इंग्रजी येत नाही, पण नाव ओळखलं. त्यांनी कागद हातातून घेतला, आईला हाक मारली. आईने कुंकवाचं बोट लावलं, आधी कागदाला, मग मला. बापूजी गल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला दाखवू लागले, चंपाचं नाव, छापून, इंग्रजीत. शेतकरी मान डोलवत होते. मी काय करणार होतो. बसून राहिलो.

तेवढ्यात देवमन आला. मार्चनंतर पहिल्यांदा. काखेत रजिस्टर. मी वर बघितलं नाही. बापूजींनी त्यालाही कागद दिला. हे घे, तू सातवी शिकलेला, वाचून दाखव सगळ्यांना, काय लिहिलं आहे.

देवमन वाचू लागला. त्याचे ओठ हलत होते. हळूहळू, एकेका अक्षरावर बोट. खालपर्यंत गेला. मग परत वर. 'एकट्याने' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दापाशी बोट थांबलं. दुकानात सगळे बघत होते.  याला मी दगाबाज म्हटलं होतं. आता याची पाळी.

देवमनने कागद घडी करून बापूजींना परत दिला. म्हणाला, नाव साहेबाचंच हाय. एकल्याचं. मोठ्या साहेबानं सोता सही केली. दुसऱ्या कोनाचं नाव नाई यात.

बापूजींनी मोतीबाईसाठी आणि त्याच्यासाठी चहा सांगितला. मोतीबाई मूग घेऊन आली होती, तीच ती, दिल्लीच्या पेपरातली 'फील्ड स्टाफ'. तिला काहीच कळलं नाही आणि तिने चहाला नाही म्हटलं नाही.

देवमन गादीपाशी आला. म्हणाला, साहेब, अकोल्याले रजिस्टर वापस करा लागते, शेवटच्या पानावर सही राह्यली. पेन काढला. सही करणार, तर त्याने पानावर हात ठेवला. आधी वाचून घ्या, म्हणाला.

वाचलं.

'९ मार्च. प्लॉट नं. १. मेंढरं १५२. समिती आली. साहेब पहिल्यांदा रात्री थांबले. पाणीसुद्धा न पिता गेले. माही चूक झाली. साहेबाले इचारून बसवाले पाह्यजे होते.'

दोनदा वाचलं. मग पेनाने 'माही चूक झाली' यातला 'माही' हा शब्द खोडला, तिथे माझं नाव लिहिलं आणि खाली सही केली. देवमन म्हणाला, खाडाखोड चालन काय अकोल्याले? म्हटलं, चालेल. मी सही केली आहे ना.